रस्त्यावरचे सोयरे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा, मी कामगार संघटनेचा माणूस असल्यामुळे संपाविषयी, वेतनाविषयी किंवा कायद्याविषयी बोलेन, अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना म्हटले, ‘मला पाहुणचाराविषयी बोलू द्या.’ ते जरा गोंधळले. कामगार पुढाऱ्याने पाहुणचारावर बोलायचे म्हणजे पैलवानाने रांगोळीवर बोलायचे, असे त्यांना वाटले असेल. परंतु कामगाराच्या हक्काची गोष्ट मला कायद्याच्या पुस्तकात फार उशिरा भेटली. त्याआधी ती परक्या लोकांच्या ओसरीवर भेटली होती. म्हणून ओसरीपासून सुरुवात करतो आणि पुस्तकापर्यंत जातो.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा मी. पाऊस आमच्याकडे येतो तो पाहुण्यासारखा. जेवायला थांबत नाही. अशा मुलखातल्या तरुणाला त्या काळी दोन वाटा होत्या. एक, गलाईच्या कामाला परमुलखात जायचे. दुसरी, मालमोटारीवर क्लीनर म्हणून चढायचे. माझा थोरला भाऊ पहिल्या वाटेने गेला, मी दुसऱ्या. १९८५ साली मी क्लीनर झालो, वयाची वीस वर्षे भरल्यावर परवाना मिळाला, आणि २००८ पर्यंत मी मालमोटार चालवली. तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ घेऊन जायचे आणि येताना मिळेल ते भाडे भरून यायचे. वाचायची गोडी लागली तीही या धंद्यातच. एका हुंडेकऱ्याच्या पेढीवरच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी बिल्टीवरची इंग्रजी अक्षरे मला बोट धरून शिकवली. माल उतरेपर्यंत चार-चार तास बसावे लागे. त्या वेळात ते शिकवीत आणि मी शिके. माझे विद्यापीठ ते एवढेच.

आता, ड्रायव्हरला मित्र कसे मिळतात? आपल्याला वाटेल, गाडी चालते म्हणून मिळतात. मुळीच नाही. गाडी थांबते म्हणून मिळतात. चालत्या गाडीतून फक्त मैलाचे दगड दिसतात. आमच्या काळी गाडी पुष्कळ थांबे. जकात नाक्यावर रांग, राज्याच्या सीमेवर रांग, शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी म्हणून वेशीबाहेर मुक्काम, मालधक्क्यावर हमालांची वाट पाहणे, आणि याशिवाय गाडीचे स्वतःचे रुसवेफुगवे. पंक्चर, तुटलेला पाटा, तापलेले इंजिन. आग्रा रोडवर सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट आहे. तिथे एक गाडी अडली की मागे शंभर अडत. मग कोणी चूल मांडी, कोणी कणीक मळी, कोणी कांदा फोडी. पंजाबचा, तामिळनाडूचा आणि सांगलीचा असे तिघे एका तव्याभोवती बसत. भाषा एकाची दुसऱ्याला येत नसे. परंतु भुकेला व्याकरण लागत नाही.

भाषेवरून सांगतो. ड्रायव्हरला प्रत्येक मुलखातला एक शब्द आधी शिकावा लागतो, तो पाण्याचा. कर्नाटकात नीरु, आंध्रात नीळ्ळु, तामिळनाडूत तण्णी, बंगालमध्ये जोल. गुजरातेत आणि ओडिशात आपलेच पाणी थोड्याफार फरकाने. मी सात भाषांत पाणी मागू शकतो. आणि आपल्याला एक अनुभवाची गोष्ट सांगतो : दुसऱ्याच्या भाषेत पाणी मागितले की बहुधा नुसते पाणी मिळत नाही, त्याबरोबर ‘कुठून आलास?’ हा प्रश्नही मिळतो. मैत्रीची सुरुवात त्या प्रश्नात असते.

पहिली हकीकत आमच्याच माणसांची. आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल की, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातले हजारो लोक देशभर गलाईचा धंदा करतात. जुने सोने-चांदी वितळवून, तेजाबाने शुद्ध करून द्यायचे, हे ते काम. सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टी, वर खोली, खोलीत चार-पाच माणसे. कोइमतूर असो की कोलकाता, सराफबाजार आहे तिथे आमच्याकडचा कोणीतरी सापडतो. गावातून गाडी निघायची ठरली की आदल्या रात्री आमच्या दारात पिशव्यांची रांग लागे. कुणाचे जोंधळ्याचे पीठ, कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाचे बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. परंतु सगळ्यांत जड ओझे असे ते निरोपाचे. पुष्कळ आयांना लिहिता येत नसे. त्या माझ्यापुढे उभ्या राहून सांगत आणि मी ते डोक्यात भरून घेई.

कोइमतूरच्या एका गलाईवाल्याकडे मी असाच पोहोचलो. पाय धुवायला गरम पाणी मिळाले, जेवणाला भाकरी मिळाली. चार दिवसांनी कुणीतरी माझ्याशी मराठीत बोलत होते. जेवण झाल्यावर तो गृहस्थ म्हणाला, ‘आता आई काय म्हणाली ते सांगा.’ मी सांगितले : पाऊस नाही, म्हैस विकली, काळजी करू नको, दिवाळीला ये. तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘पुन्हा सांगा, पण ती म्हणाली तसं सांगा.’ मी तिच्या तोंडचे शब्द तिच्या चालीवर सांगितले. त्या रात्री तो निरोप मला तीनदा सांगावा लागला. हळदीची पोती वाहणे हे माझे काम होते, त्याचा मला पगार मिळे. हा निरोप वाहण्याचा पगार नव्हता. परंतु मी कामगार म्हणून काय वाहतो, ते मला त्या रात्री कळले. आता प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे, आई स्वतः दिसते, स्वतः बोलते. आणि ते चांगलेच झाले आहे.

दुसरी हकीकत परक्यांची. नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर असा कोलकात्याचा रस्ता. मे महिना, गाडीत हळद. संबळपूरच्या अलीकडे एका लहान गावाजवळ मागच्या कमानीचा पाटा तुटला. क्लीनरला पाटा आणायला शहरात पाठवले आणि मी गाडीपाशी राहिलो. त्या दिवसांत तिकडे सायंकाळी वादळ उठते. हळद भिजली तर मालकाचे नुकसान, आणि नुकसान मालकाचे झाले तरी कापले जाते ते ड्रायव्हरच्या पगारातून. दोन रात्री मला झोप नव्हती. रस्त्याकडेला एका म्हातारीचे घर होते. तिने मला ओसरीवर बोलावले आणि एका वाडग्यात पखाळ दिली. पखाळ म्हणजे पाण्यात भिजवून किंचित आंबवलेला भात. सोबत मीठ, हिरवी मिरची, कांदा. उन्हात त्यासारखे अन्न नाही. तिचे बोलणे मला कळेना, माझे तिला. परंतु मी तिला ‘मावशी’ म्हटले आणि ती हसली, कारण ओडिशातही मावशीला माउसीच म्हणतात. मधली सगळी भाषा गळून पडली आणि एक नाते तेवढे दोन्हीकडे सारखे निघाले.

पण मला सांगायचे ते पुढचेच. सायंकाळी वारा सुटला. मावशीने हाक मारली, गल्लीतली पाच-सहा पोरे आली, त्यांनी माझ्याबरोबर ताडपत्री ओढून दोर आवळले. मग तिने गाडीकडे बोट दाखवले, पोरांकडे दाखवले आणि हात गालाखाली ठेवून मला खूण केली : हे जागतील, तू झोप. मी झोपलो. नऊ टन परका माल अनोळखी लोकांच्या भरवशावर टाकून मी सहा तास झोपलो. सकाळी एक पोते हललेले नव्हते. बंधुभगिनींनो, मला आयुष्यात पुष्कळांनी जेऊ घातले. पण झोप ज्यांनी दिली ते मोजके. ड्रायव्हरच्या लेखी अन्नदानापेक्षा निद्रादान मोठे आहे. पुढे वर्षानुवर्षे त्या रस्त्याने जाताना मी तिथे थांबे. पैसे तिने कधी घेतले नाहीत. सांगलीची हळद मात्र घेई, आणि वास घेऊन शेजारणींना दाखवी.

तिसरी गोष्ट एका संस्थेची. नागपूरहून हैदराबादकडे जाताना यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ हमरस्त्यालगत शिखांचा लंगर आहे. तिथे कोणी कोण म्हणून विचारीत नाही. मालक, क्लीनर, वाटसरू एका पंगतीत बसतात आणि उठताना आपली थाळी आपण घासतात. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, धाबे बंद पडले, ड्रायव्हर मालासकट रस्त्यावर अडकले, हजारो मजूर पायी गावाकडे निघाले. त्या दिवसांत वृद्ध बाबा कर्नैलसिंग खैरा यांच्या देखरेखीखाली या लंगराने रात्रंदिवस लाखो लोकांना अन्न दिले. मी तेव्हा संघटनेच्या कामात होतो. अडकलेल्या ड्रायव्हरांचे दूरध्वनी आम्हाला येत, आणि त्या रस्त्यावरच्या माणसाला आम्ही एकच सांगत असू, ‘करंजी गाठ.’

रस्त्याचा एक धर्मही आहे. बंद पडलेल्या गाडीमागे झाडाची फांदी ठेवायची, म्हणजे मागच्याला दुरून कळते. चाकाला लावलेले दगड निघताना बाजूला टाकायचे. कारण रस्त्यात राहिलेला दगड रात्री कुणाचा तरी जीव घेतो. पाना, जॅक, पाणी मागितले तर नाही म्हणायचे नाही. हे नियम कोणी छापलेले नाहीत. उस्तादाकडून क्लीनरकडे ते तोंडी येत गेले.

आता दुसरी बाजू. रस्त्यावर सगळेच सोयरे भेटत नाहीत, हे आपण जाणताच. एका मोठ्या शहरातल्या एका गोदामाबाहेर मी माल उतरण्याची वाट पाहत छत्तीस तास उभा होतो. आत नळ होता, शौचालय होते, त्याला कुलूप होते. किल्ली मागितली तर पहारेकरी म्हणाला, ‘ते साहेब लोकांसाठी आहे.’ तो पहारेकरीही आमच्यासारखाच गरीब. त्याला हुकूम होता. त्याच रस्त्यावर दोन दिवसांपूर्वी कुणा अनोळखी माणसाने मला आपल्या विहिरीवर आंघोळ घालू दिली होती. मी विचार करू लागलो. ज्याचा माल मी वाहिला नाही तो मला पाणी देतो. आणि ज्याचा माल माझ्या गाडीत आहे तो कुलूप लावतो, हे कसे?

या प्रश्नाने मला ओसरीवरून पुस्तकाकडे नेले. वाचनालयात बसून मी शोधले तेव्हा कळले की, मोटार वाहतूक कामगारांसाठी संसदेने १९६१ सालीच कायदा केला होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास. ५ तास सलग काम झाले की निदान अर्धा तास विश्रांती. विश्रांतीच्या खोल्यांचीही तरतूद होती. हे वाचून मला आनंद झाला नाही, राग आला. माझ्या जन्माच्या आधी केलेला कायदा माझ्या कानावर यायला मला अर्धे आयुष्य लागले! मग त्यातली मेख कळली. ज्या धंद्यात ५ किंवा अधिक कामगार असतील तेवढ्यालाच तो लागू होता. आणि आपल्या देशात बहुसंख्य मालक एक-दोन गाड्यांचे. त्यांचे ड्रायव्हर कायद्याच्या दाराबाहेरच राहिले. २०२० साली संसदेने केलेल्या व्यवसाय-सुरक्षेच्या संहितेत हा जुना कायदा सामावून घेतला गेला. कायद्याचे नाव बदलले. ड्रायव्हरला झोप मिळते की नाही, हा प्रश्न बदललेला नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. एका व्यापारी गृहस्थांनी मला सभेतच विचारले, ‘तुम्हीच सांगता की, ड्रायव्हरला जागोजागी माणसे सांभाळून घेतात. मग विश्रांतिगृहे, नियम, तपासणी यांचा खर्च कशाला?’ मी त्यांना म्हटले, ‘शेठजी, संबळपूरच्या मावशीने जे दिले ते तिच्या ताटातले होते. तुमच्या हळदीच्या नफ्यात तिचा वाटा किती?’ विचार करा. मालकाने विश्रांती दिली नाही, धनकोने वेळ दिला नाही, सरकारने निवारा दिला नाही. ती सगळी तूट एका गरीब म्हातारीने एक वाडगा भात देऊन भरून काढली. पाहुणचार थोर आहे, पण त्याने वेतनाची जागा घ्यावी हे थोर नाही. ज्याला पोटाला आहे, झोप आहे, त्याने कुणाच्या ओसरीवर बसून जेवावे, यात मैत्री आहे. ज्याला दुसरा इलाज नाही त्याने तिथे बसावे, यात मैत्रीबरोबर लाचारीही येते. आणि लाचारी शेवटी मैत्रीलाही नासवते.

उपकाराचे रूपांतर हक्कात करता येते, याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. अंगमेहनतीच्या माणसाला परवडणाऱ्या दरात पोटभर अन्न मिळावे, आणि ते कुणाच्या दयेवर नव्हे तर स्वतःच्या संघटनेच्या चुलीवर मिळावे, हा तिचा अर्थ. करंजीचा लंगर आणि पुण्याची भाकर या दोन्ही मला वंदनीय आहेत. परंतु पहिला मला दाता शिकवतो, दुसरी मला स्वतःच्या पायावर उभा करते.

काळ बदलला आहे, आणि मी जुन्या काळाचे गोडवे गायला आलेलो नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला, तसे जकात नाके गेले, राज्यांच्या सीमेवरच्या बहुतेक रांगा गेल्या. फेब्रुवारी २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम झाला. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ज्याने पाय भाजून घेतले आहेत त्यालाच त्याची किंमत कळेल. परंतु वाचलेला वेळ कुणाला मिळाला? तो ड्रायव्हरच्या झोपेत जमा झाला नाही. तो फेऱ्यांत जमा झाला. पुष्कळ गाड्यांवर आता क्लीनर उरलेला नाही. माणूस एकटा, कानाला दूरध्वनी, त्यात मालकाचा प्रश्न, ‘कुठवर आलास?’ पूर्वी ‘कुठून आलास?’ असे विचारणारे लोक भेटत. आता ‘कुठवर आलास?’ एवढेच विचारले जाते. या दोन प्रश्नांत फार अंतर आहे. संबळपूरच्या त्या गावाजवळचा रस्ता रुंद झाला, त्यात मावशीची ओसरी गेली. मी चौकशी केली. ती त्याआधीच वारली होती.

जुनी रांग परत यावी, असे मी म्हणणार नाही. रांगेत मैत्री होई हे खरे. पण रांगेत लाचही होई आणि आजारपणही होई. मला हवा आहे तो थांबा, पण तो जुलमाचा नव्हे तर हक्काचा. अमुक तास गाडी चालली की ती थांबलीच पाहिजे. आणि थांबेल तिथे पाणी, शौचालय, अंथरूण आणि गाडीवर राखण असली पाहिजे. एवढे झाले की मैत्री आपोआप होईल. ती करण्याची विद्या आमच्या लोकांना शिकवावी लागत नाही.

शेवटी, आपल्याकडे दोन मागणी घेऊन आलो आहे. आपल्यापैकी कोणाचे दुकान असेल, कारखाना असेल, कोणी सहकारी गृहसंस्थेत राहत असेल. आपल्या दारात माल घेऊन जो येतो त्याला पाणी विचारा आणि शौचालयाची किल्ली द्या. हे दान नव्हे. आपला माल त्याने आणला आहे.

दुसरी मागणी कठीण आहे. रस्त्यावर अपघात होतो तेव्हा जमाव ड्रायव्हरला मारतो. जखमीला दवाखान्यात नेणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात सांगितले आहे. पण त्याच कलमात, जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाले तर, असा अपवादही आहे. म्हणजे आमचे भय कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक होते. नव्या न्यायसंहितेत, अपघातानंतर खबर न देता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढे मागे ठेवले गेले. मी पळणाऱ्याची वकिली करीत नाही. जखमी माणूस रस्त्यात टाकून जाणे हे रस्त्याच्या धर्मात सर्वांत मोठे पाप आहे, आणि आमच्या सभांतून आम्ही ते तसेच सांगतो. मी इतकेच म्हणतो की, ज्याला थांबल्यावर मार मिळेल अशी खात्री आहे तो थांबणार कसा? तुम्ही हात आवरा. आम्ही आमच्या माणसांना थांबायला शिकवू. जखमींचा जीव त्यातच वाचेल. आणि त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारा : हा माणूस किती तास जागा होता, आणि त्याला जागे कोणी ठेवले?

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असा अर्थ आपल्याकडे सांगतात. ड्रायव्हर हा या देशाचा रोजचा अतिथी आहे. तो आपल्या ताटातले मीठ, अंगावरचे कापड, भिंतीतले सिमेंट घेऊन येतो आणि रात्रीच्या रात्री निघून जातो. त्याचे तोंड आपण पाहत नाही. गरीब माणसांनी त्याला आजवर सांभाळले. आता ती पाळी सगळ्या समाजाची आहे.